अडीच तासांचं काम

गाडीचा एअर फिल्टर बदलायला किती वेळ लागतो, याबद्दल त्या घरात कधीच दुमत नव्हतं. अडीच तास. बाबा दर तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी जेवण झालं की वर्तमानपत्राची घडी काखेत मारून खाली जायचे, गाडीत बसून दार लावून घ्यायचे आणि अडीच तासांनी वर यायचे. "झाला बदलून," एवढंच सांगायचे. मध्ये कुणी हाक मारायची नाही, मदतीला जायचं नाही. काम नाजूक आहे, असं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हाच जाहीर केलं होतं.

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. गाडी तेव्हापासून पार्किंगमध्ये उभी होती. आई एकदा, फक्त एकदा तिच्यात बसली आणि पाच मिनिटांत खोकत बाहेर आली. "कोंदट वास येतोय. माझ्याच्यानं नाही बसवत."

दादाला एवढं पुरलं. त्यानं परगावाहून फोनवरूनच गिऱ्हाईक शोधलं. कुणी एक दातांचे डॉक्टर रविवारी पाच वाजता गाडी बघायला येणार होते. धाकटी मुलगी मात्र गाडी द्यायला तयार नव्हती. का, ते तिला धड सांगता येत नव्हतं. आणि दादाला धड न सांगितलेलं काही ऐकू येत नसे. शेवटी आईनंच तोडगा काढला. "चार वाजता मी खाली येऊन गाडीत बसून बघते. वास गेला असेल तर ठेवू. नाहीतर त्या डॉक्टरांना देऊन टाका, आणि मग कुणी तोंड पाडून बसायचं नाही."

म्हणून मुलगी बरोबर दीड वाजता आत येणारी हवा गाळणारा नवा फिल्टर, एक स्क्रूड्रायव्हर आणि वर्तमानपत्र घेऊन खाली उतरली. अडीच तास, म्हणजे चार. हिशोब चोख होता.

मोबाइलवर तिनं आदल्या दिवशीच एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका तरुणीनं डाव्या सीटसमोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली ओढला, मागचं झाकण काढलं, फिल्टर बदलला आणि हसून हात झटकले. चार मिनिटं. मुलीनं तो पाहतानाच मान हलवली होती. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि जे सोपं दिसतं तिथेच चूक दडलेली असते, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता. बाबांना अडीच तास लागायचे. आणि बाबा इंजिनिअर होते.

तरी तिनं कप्पा खाली ओढला. मागे काळं, लांबट झाकण खरंच दिसलं. तिनं ते ओढून पाहिलं, दाबून पाहिलं, नखानं उचकटून पाहिलं. झाकण ढिम्म हललं नाही. तेव्हा तिनं शांतपणे विचार केला. जे झाकण दर तीन महिन्यांनी उघडतं ते इतकं घट्ट कसं असेल? ते तर हात लावताच निघायला हवं. म्हणजे हे ते झाकण नव्हेच. फिल्टर आणखी आत असणार.

आत जायचं तर कप्पा पूर्ण काढायला हवा होता. तो काढला. मग बाजूची पट्टी आड येत होती, तीही काढली. पट्टीमागे चार स्क्रू होते.

"काय चाललंय गं?" तळमजल्यावरचे घड्याळवाले काका गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यामुळे त्यांना कुठेही स्क्रू निघाल्याचा वास लागायचा.

"फिल्टर बदलतेय काका. बाबांसारखा."

काकांनी निघालेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. "बाबा तुझे... इतकं सगळं नाही काढायचे."

"मग काय काढायचे?"

"आता ते मी काय सांगू," काका म्हणाले आणि वर आभाळाकडे बघू लागले. मग त्यांना ते चार स्क्रू दिसले. "अगं, हा स्क्रूड्रायव्हर आहे की पहार? डोकी खराब होतील त्यांची. थांब, मी माझे आणतो."

काका हत्यारांची पेटी घेऊन आले आणि त्यानंतर काम फार शिस्तीत पुढे गेलं. हीच अडचण झाली. काका एकेक स्क्रू काढत, मुलगी तो वर्तमानपत्रावर ठेवून शेजारी पेन्सिलीनं आकडा घालत असे. सव्वादोनपर्यंत अकरा स्क्रू झाले. अडीचला रेडिओ बाहेर आला.

"फिल्टर रेडिओच्या मागे असतो?" मुलीनं विचारलं.

"मला काय माहीत? तू काढ म्हणालीस."

"मी म्हटलं, आड येतोय."

"मग आता नाही येत."

पावणेतीनला दादाचा फोन आला. "झालं का? डॉक्टर वेळेचे पक्के आहेत हं."

"होत आलंय," मुलगी म्हणाली. रेडिओ तिच्या मांडीवर होता.

"एवढा काय वेळ? मेकॅनिककडे दहा मिनिटांचं काम असतं."

"बाबांना अडीच तास लागायचे."

दादानं फोन ठेवला. बाबांचा शब्द त्यालाही मोडवत नसे.

तीन वाजता काकांनी एक वायर उगाच कुठे जाते म्हणून ओढून पाहिली आणि गाडीचा भोंगा वाजायला लागला. तो थांबवायला मुलीनं किल्ली फिरवली तर वायपर सुरू झाले. गॅलऱ्यांमध्ये एकेक डोकं उगवलं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, रविवार आहे!" काकांनी वायर होती तिथे खोचली. भोंगा थांबला, वायपर मात्र कोरड्या काचेवर करकर करत राहिले. शेवटी मुलीनं किल्लीच काढून घेतली.

साडेतीनपर्यंत डाव्या बाजूला उघडायचं असं काही उरलं नाही. लोखंड दिसत होतं. फिल्टर दिसत नव्हता. मुलीच्या हातांना काळं लागलं होतं, ते एकदा गालालाही लागलं होतं, आणि अर्ध्या तासात आई खाली येणार होती. सत्तावीस स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीनं झोपले होते.

"काका," ती म्हणाली. "बाबा हे सगळं एकटे कसे करायचे हो?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी पेटीतलं सर्वांत बारीक पातं उचललं, आत वाकले आणि त्या पहिल्या, काळ्या, लांबट झाकणाच्या कडेत घातलं. टक्. झाकण निघालं.

आत फिल्टर होता. म्हणजे, एके काळी असावा. आता तो कोळशाच्या रंगाचा होता. त्यात वाळकी पानं होती, पिसं होती, एक पूर्ण वाढ झालेला मेलेला भुंगा होता. चौकटीवर कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. तिच्यावरची तारीख मुलीनं सवयीनं दोनदा वाचली. अकरा वर्षांपूर्वीची.

"हा कधीच बदललेला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग बाबा इथे अडीच तास करायचे काय?"

काकांनी मान खाली घातली. "मी शब्द दिला होता त्यांना. पण आता हे सत्तावीस स्क्रू बघवत नाहीत मला. गायचे ते."

"गायचे? बाबा?"

"जोरजोरात. वर्तमानपत्राच्या आत गाण्यांची वही असायची. काचेला दोन बोटं फट ठेवायचे. मला म्हणाले होते, घरी कळता कामा नये, ही हसेल."

"हसले असते मी," मागून आवाज आला. आई बाहेर जायची साडी नेसून, पर्स घेऊन उभी होती. "मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. गॅलरीत ऐकू यायचं ना सगळं. धुणं वाळत घालायला मी तीच वेळ ठेवली होती. वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसायची." तिनं गाडीत डोकावून पाहिलं. "हे सगळं तू काढलंस?"

"आम्ही दोघांनी."

"शाबास. आता तो नवीन घाल."

नवा फिल्टर बसवायला अर्धं मिनिट लागलं. मुलीनं किल्ली फिरवली, काकांनी वायपरकडे रोखून पाहिलं, पण ते गप्प राहिले. पंख्यातून स्वच्छ हवा आली. आई उघड्यावाघड्या डॅशबोर्डासमोर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली आणि पर्स मांडीवर घेऊन हवा हुंगत राहिली. मुलगी दाराला धरून उभी होती.

चार वाजता दादाचा फोन आला. तो आईनंच घेतला.

"हो, बसलेय. नाही, वास नाही. गेला... डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळव." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "चालवायची कशाला? मला कुठे येतं चालवता! उभीच राहू दे. फिल्टर बदलायला उभीच लागते... दर रविवारी. हो, दर रविवारी बदलावा लागतो, तुला काय कळतंय त्यातलं? मी बदलणार आहे... अडीच तास."

तिनं फोन मुलीच्या हातात दिला आणि दार ओढून घेतलं. मग अर्धवट उघड्या काचेतून म्हणाली, "हवा आता आतूनच येते ना नीट?"

"येते."

"मग ही काच पूर्ण वर कशी जाते ते दाखव. ह्यांना फट ठेवावी लागायची आणि सगळ्या इमारतीला सोसावं लागायचं."

मुलीनं बटण दाखवलं. काच वर गेली. आत आईनं पर्स बाजूला ठेवली, घसा खाकरला असावा, आणि तिचे ओठ हलू लागले.

काका कानामागे हात धरून जरा पुढे वाकले. "सुरात आहेत का गं?"

"काहीच ऐकू येत नाहीये, काका."

"मग बरंय," काका म्हणाले आणि पहिला स्क्रू उचलला.