सॉफ्टवेअरचं सुतक पाळणारा नितीन

आमच्या इमारतीतला नितीन सॉफ्टवेअरचं सुतक पाळतो. जगात कुठे एखादं जुनं ॲप बंद झाल्याची बातमी आली की तीन दिवस दाढी नाही, गोड नाही. चांदणी पडव्याला, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, मी आणि बायको सुरती घारीची मिठाई घेऊन गेलो, तर हात जोडून म्हणाला, "भाऊ, आज नको. काल एक गेलं. अवघं चौदा वर्षांचं होतं."

बायकोने तोंडावर हात ठेवला. नंतर कळलं, ते फोटो साठवायचं ॲप होतं.

मी जालन्याहून रिकाम्या हाताने आलो आणि इथे सुरतेत, बमरोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं. भल्याभल्यांना वळवलं. हा नितीन एकटा वळला नाही. दुकानातल्या मालाचा प्रोग्राम यानेच लिहिलेला, स्वतःची नोकरी सांभाळून. रोज सकाळी स्कूटर पुसत पार्किंगमध्ये मला बातम्या द्यायचा.

"भाऊ, आज परत छाटणी. आता म्हणे कोडही यंत्रच लिहितं."

"मग माझ्या दुकानात बसव की ते यंत्र! बाजारात सगळ्यांनी बसवलं. गिऱ्हाईक फोनवर लिहितं, ते उत्तर देतं."

"बघू. त्याला अजून 'माहीत नाही' म्हणता येत नाही."

सहा महिने हेच एक उत्तर. माझं डोकं फिरलं. त्याला न सांगता मी दुसऱ्याकडून ते यंत्र बसवून घेतलं.

चौथ्याच दिवशी त्या यंत्राने एका कारखानदाराला, केव्हाच बनायचा बंद झालेला लूमचा एक भाग, पिकर, "आहे, संध्याकाळी पाठवतो" असं बिनधास्त लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी कारखानदार दुकानात येऊन गरजला, "भाई, तमे तो मने फसावी दीधो! लूम बंद पडलाय माझा!"

तोच राग घेऊन मी तडक नितीनकडे गेलो. त्याची दाढी वाढलेली.

"आता कोण गेलं रे?"

"मी, भाऊ. परवा कंपनीने आमची अर्धी टीम काढली. पुण्यात एके ठिकाणी बोलावलंय. रविवारी निघतो."

"आणि माझ्या दुकानाचं काय? मला सांगायचं नाही?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" तो हसला. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मग लॅपटॉप उघडून तासाभरात त्याने त्या यंत्राला 'माहीत नाही, भाऊंना विचारून सांगतो' एवढं म्हणायला शिकवलं.

मी निघालो तेव्हा त्याने एक वही हातात ठेवली. "आमच्यात काम सोडताना पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतात. नवीन कोणी ठेवाल, त्याला द्या."

जिन्यात उघडली. प्रोग्रामच्या भानगडी पुढच्या पानांवर होत्या. पहिल्या पानावर लिहिलं होतं:

'भाऊ ओरडले तर मध्ये बोलू नये. पाच मिनिटांनी ते स्वतःच चहा मागवतात. कामात जेवण विसरतात, म्हणून दुपारी दीड वाजता प्रोग्राम अर्धा तास बंद पडतो. हा बिघाड नाही. दुरुस्त करू नये.'

दोन वर्षं त्या बंद पडण्यावरून मी त्याला चारचौघांत बोलत आलो होतो, आणि हा पठ्ठ्या दर वेळी "बघतो, भाऊ" म्हणून निमूट ऐकून घ्यायचा.

मी तिथेच पायरीवर बसलो. मग टपरीवर फोन लावून नितीनच्या घरी दोन चहा पाठवायला सांगितले आणि परत वर चढलो.