मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर

"चित्रं टांगायला काय डोकं लागतं? एक स्क्रू, एक पेचकस आणि माझ्यासारखा माणूस!" असं म्हणत काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तेव्हाच खरं तर कुणीतरी तो पेचकस लपवून ठेवायला हवा होता.

काका म्हणजे वाचनालयातल्या पुस्तकमावशींचे यजमान. मावशी बालविभाग सांभाळायच्या आणि काका विमा कार्यालयात फायली. मावशींनी जिवाचं रान करून मुलांच्या पुस्तकांतल्या मूळ चित्रांचं प्रदर्शन जमवलं होतं. ती चित्रं काढणाऱ्या आजी स्वतः यायच्या होत्या. आणि हे सगळं नुसतं हौसेखातर नव्हतं हं! वाचनालयाच्या अध्यक्षांचा बालविभागाच्या खोलीवर डोळा होता. त्यांना तिथं बैठका घ्यायच्या होत्या. "मुलांना घरी जागा नाही का?" असं ते विचारायचे. आजचा कार्यक्रम बघून ते खोलीचा निकाल लावणार होते.

आजींना आणायला स्टेशनवर निघताना मावशींनी बजावलं, "अहो, एवढंच लक्षात ठेवा. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला हवीत."

"अगं, जा तू निर्धास्त!"

काका पद्धतशीर माणूस. उंची घ्यायची तर मूल हवं, म्हणून त्यांनी चार वर्षांच्या चिमीला, म्हणजे स्वतःच्याच लेकीला, भिंतीशी उभं केलं. तेवढ्यात कार्यालयातून साहेबांचा फोन आला. "हो साहेब... नाही साहेब..." करत काका पेन्सिल शोधायला वळले. उभं राहून कंटाळलेल्या चिमीनं तिथंच फतकल मारलं.

"चिमे, डोळे कुठायत?" फोनवर हात ठेवून काकांनी विचारलं.

"इथ्थं!"

काकांनी खाली वाकून रेघ मारली आणि तीच रेघ खोलीभर फिरवली. मनात शंका आली नाही असं नाही. पण मुलं बुटकीच असतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शिवाय सगळं काम बसल्या बसल्या होत होतं. याला म्हणतात नियोजन! एकेक चौकट त्यांनी अशी घट्ट आवळली की भिंत पडेल, पण चित्र हलणार नाही.

मावशी आजींना घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. चारी भिंती कोऱ्या!

"अहो, चित्रं कुठायत?"

"खाली बघ ना."

मावशींनी खाली पाहिलं. "हे प्रदर्शन मुलांसाठी आहे की मुंग्यांसाठी?"

आजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि त्या पोट धरून हसू लागल्या. पण आता काही करायला वेळच नव्हता. बाहेर मुलांचा कलकलाट आणि त्यामागोमाग अध्यक्षांची गाडी. मावशींचा चेहरा परीक्षेत कोरा कागद दिल्यासारखा झाला.

अध्यक्ष म्हणजे भारदस्त व्यक्तिमत्त्व. आधी पोट आत यायचं, मग ते. फीत कापून त्यांनी कोऱ्या भिंतींवरून नजर फिरवली. "छान. चित्रं कधी येणार?"

"साहेब, जरा वाकलात तर..." काका पुटपुटले.

पत्रकार, मुलं, पालक सगळे बघत होते. अध्यक्ष वाकले, मग गुडघ्यांवर आले. पहिलं चित्र पाहिलं, "वा!" म्हणाले आणि उठायला गेले. कट्!

"काय झालं साहेब?" काका त्यांच्या कानाशी लागले.

"उसण भरली," अध्यक्ष दात आवळून म्हणाले. "उठता येत नाहीये. कुणाला बोलायचं नाही!"

"मी आहे ना साहेब!" काका ताठ उभे राहिले आणि खड्या आवाजात गरजले, "अध्यक्षसाहेबांची इच्छा आहे, की हे प्रदर्शन आपण सगळ्यांनी मुलांसारखं, रांगत बघावं!"

झालं! अध्यक्ष रांगताहेत म्हटल्यावर उपाध्यक्ष उभे कसे राहणार? ते खाली बसले. पाठोपाठ खजिनदार, चिटणीस आणि नवी कोरी साडी सावरत मुख्याध्यापिकाबाई. काकांनाही बसावंच लागलं. छायाचित्रकार तर आनंदानं पालथाच पडला. मान्यवरांची ती रांग बघून मुलं खुळ्यासारखी नाचायला लागली. चिमीनं चिटणीसांच्या पाठीवर मांड ठोकली.

एका मुलीनं अध्यक्षांशेजारी बैठक मारली. "आजोबा, उंदीर सापडला?"

"कुठला उंदीर?" अध्यक्ष दचकले.

"आजींनी प्रत्येक चित्रात एकेक लपवलाय. शोधा ना!"

नाहीतरी उठता येतच नव्हतं. अध्यक्ष शोधू लागले. पलंगाखाली लपलेल्या हत्तीच्या कानामागे त्यांना उंदराची शेपटी दिसली. "सापडला!" ते असे ओरडले की उपाध्यक्षांचं डोकं भिंतीवर आपटलं. मग काय विचारता! पुढच्या चित्रापाशी कोण आधी पोचतो याची अध्यक्ष आणि ती मुलगी यांच्यात शर्यतच लागली. "तुम्ही सांगू नका, मी शोधतो!" असं त्यांनी खुद्द आजींनाच दटावलं.

भाषणाची वेळ झाली तेव्हा मावशींनी माइक जमिनीवर आणून ठेवला.

"ही खोली," अध्यक्ष गुडघ्यांवरूनच म्हणाले, "मुलांचीच राहील. बैठका आता मला झेपणार नाहीत!"

टाळ्यांच्या कडकडाटात त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं गेलं. मावशींचे डोळे भरून आले. काकांची छाती मात्र अशी फुगली, की घरी जाताना दारातून आडवं होऊन बाहेर पडावं लागतं की काय!

सकाळी वर्तमानपत्र आलं. पानभर फोटो! मागून काढलेला, रांगणाऱ्या मान्यवरांचा. वर मथळा होता, 'मान्यवरांनी प्रदर्शनाला दाखवली पाठ.'

"बघ, मीपण आलोय!" काका चहा सोडून उठले. "हा डावीकडून तिसरा. काय ऐटीत रांगतोय!"

मावशींनी चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला.

"ते खजिनदार आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाचवे. पँटची शिवण उसवलेले."