पाचवी चौकट

हिंदी मुलखातल्या बरखेडा या कारखान्याच्या वसाहतीतल्या स्नेहदीप मराठी मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत असल्याने मंडळाची वेबसाइट असावी, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला. विरोध करणारे दोघे त्या दिवशी लग्नासाठी नागपूरला गेले होते. काम क्षितिजा देवस्थळीकडे आलं, कारण ती एका कंपनीत वेबसाइटच बनवायची आणि तिचे वडील मंडळाचे आजीव सभासद होते.

तिने कार्यकारिणीला सहा टेम्प्लेट दाखवली. टेम्प्लेट म्हणजे तयार साचा. त्यातला मजकूर आणि फोटो काढून आपले घालायचे, हवं ते बदलायचं, असं तिने नीट समजावलं. सचिव अच्युतराव सबनीस कारखान्याच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेले. मंजूर नकाशावर त्यांनी नोकरीभर कुणाला पेन्सिल टेकवू दिली नव्हती. त्यांनी मतदान घेतलं. पाचवा साचा निवडून आला, कारण त्यातली माणसं सर्वांत जास्त हसत होती. तो दातांच्या दवाखान्याचा आहे, हे क्षितिजाने निदर्शनास आणलं. मंडळाला हसतमुख माणसांचं वावडं नाही, अशी इतिवृत्तात नोंद झाली. अच्युतरावांनी साच्याची रंगीत प्रत काढून तिच्यावर सही-शिक्का केला.

अडचण ‘आमच्या सेवा’ या भागात आली. तिथे चार चौकटी होत्या आणि मंडळाचे उपक्रम पाच: गणेशोत्सव, हळदीकुंकू, कोजागिरी, नाट्यवाचन आणि ग्रंथालय. पाचवी चौकट पाच मिनिटांत टाकता येते, असं क्षितिजा म्हणाली.

अच्युतरावांनी मंजूर प्रत तिच्यापुढे सरकवली. “चौकटी चार आहेत, उपक्रम पाच. म्हणजे चूक उपक्रमांत आहे.”

चूक शोधण्यासाठी उपसमिती नेमली गेली. ग्रंथालयाचे फोटो सर्वांत कमी निघाले; वाचणारा माणूस फोटोत काही करताना दिसत नाही. सबब ग्रंथालय बंद करण्यात आलं. ते सव्वीस वर्षं चालवणाऱ्या वंदनाताईंनी वाद घातला नाही. किल्ली कुणाकडे द्यायची आणि पुस्तकांचं काय करायचं, एवढंच विचारलं. पुस्तकांसाठीही साच्यात जागा नव्हती. तेव्हा त्यांनी सगळी पुस्तकं तीन रिक्षांतून इंद्रपुरीतल्या आपल्या घरी नेली. शेवटच्या रिक्षात त्यांना बसायला जागा उरली नाही, म्हणून त्या बसने गेल्या. क्षितिजाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढचं मात्र सुरळीत पार पडलं. ‘आमची टीम’मध्ये फोटोंसाठी सहा गोल होते आणि कार्यकारिणीत सात जण. उपाध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे ते एकटेच होते. ‘अपॉइंटमेंट घ्या’ असं बटण असल्यामुळे हळदीकुंकू वेळ देऊन करायचं ठरलं, पंधरा मिनिटांना एक सवाष्ण. साच्यात कामकाजाची वेळ सोमवार ते शनिवार, दहा ते सहा होती, रविवार बंद. मंडळ आजवर फक्त रविवारीच उघडत असे, कारण बाकीचे दिवस सभासद नोकरीवर असत. ही तर साधी ओळ आहे, टाइप करून बदलता येईल, असं क्षितिजाने सुचवलं. अच्युतराव क्षणभर घुटमळले.

“आज ओळ बदलली, तर उद्या लोक चौकट मागतील,” ते म्हणाले.

तेव्हापासून रविवारी मंडळाला कुलूप लागलं आणि इतर दिवशी रिकाम्या सभागृहात अच्युतराव दहा ते सहा एकटे बसू लागले.

वेबसाइटची लिंक तीनशे बारा सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यात आली. दोनशे सत्त्याऐंशी अंगठे आले. ‘अप्रतिम मांडणी’, ‘मंडळाने कात टाकली’ असे अभिप्रायही आले. अच्युतरावांनी त्यांची छापील प्रत काढून फाइलला लावली.

तिसऱ्या सोमवारी अकरा वाजता मंडळात पहिला माणूस आला. साकेत नगरचे अरविंद तिवारी. गाल सुजलेला, हातात अपॉइंटमेंटचा कागद.

“ग्यारह बजे का टाइम मिला है,” ते म्हणाले. “दाढ़ दिखानी है।”

अच्युतरावांनी कागद तपासला. तो नियमानुसार होता. तीन आठवड्यांत कुणीतरी आलं याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी तिवारींना शाल आणि नारळ दिला, आणि मग स्वतःच्या स्कूटरवर बसवून खऱ्या दवाखान्यात नेलं. नंबर येईपर्यंत तिवारींनी गाल धरून सांगितलं, की त्यांनी वेबसाइट चार वेळा उघडली, पण डॉक्टरांचं नाव काही सापडलं नाही.

अच्युतरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी क्षितिजाला फोन करून आजवर वेबसाइट एकूण किती वेळा उघडली गेली, ते विचारलं. तिने आकडा पाहिला.

“चार वेळा, काका.”

 मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, पाचवी चौकट टाकायला किती वेळ लागतो. त्या संध्याकाळी, ठरावाशिवाय, क्षितिजाने ती टाकली.

रविवारी अच्युतराव वंदनाताईंना हे सांगायला इंद्रपुरीत गेले. त्यांच्या घराच्या ओट्यावर चाळीसएक माणसं पुस्तकं घेऊन बसली होती. मराठीत मनसोक्त भांडत होती. राजीनामा दिलेले उपाध्यक्ष चहा वाटत होते. कुणीही अपॉइंटमेंट घेतलेली नव्हती. अच्युतराव चप्पल काढून कोपऱ्यात बसले. वंदनाताईंनी त्यांच्यापुढे नोंदवही धरली आणि कुठलं पुस्तक हवं, ते विचारलं.

घरी परतल्यावर त्यांनी ग्रुपवर एक लांबलचक निवेदन टाकलं. त्यात झालेल्या चुकीची कबुली होती, ग्रंथालय सुरू झाल्याची बातमी होती आणि अखेरीस एक विनंती: जो सभासद हे इथपर्यंत वाचेल, त्याने कृपया अंगठा पाठवू नये.

दोनशे ब्याण्णव अंगठे आले. त्यांत, वाचकहो, आपलाही पोहोचला. मंडळ आभारी आहे.