दक्षिणेस नायक

मुलांनो, आमच्या कर्जतच्या घरी मागच्या दाराने येणारा पाहुणा एकच. गणपतभाऊ. हातात पिशवी. पिशवीत वर दुधी भोपळा, खाली प्रेमकथा. आत आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "वैनी, कडी लावा. कोनी बघल."

भाऊ खालापूर तालुक्यात तलाठी होते. जमिनींच्या नोंदी ठेवण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर प्रेमकादंबरी लिहायला शिकवणारा वर्ग लावला. तोही कानात हेडफोन घालून, स्वयंपाकघराकडे पाठ करून. लिहिलेलं तपासायला मात्र माझ्याकडे. "तुमी इंग्रजीत शिकलेल्या. तुमाला असल्या गोष्टी ठाऊक असनार."

मी कानकोंडी झाले. तुमचे आजोबा पेपराआड हसत होते.

नायिका पहिल्याच पानावर डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे, असं वर्गातल्या बाईंनी सांगितलेलं. भाऊंनी ती उभी केली: 'सदर नायिका वय वर्षे बावीस, राहणार मौजे चौक. तिच्या पूर्वेस आंबा, पश्चिमेस सामायिक विहीर, उत्तरेस गोठा, दक्षिणेस नायक. हद्दीबाबत तक्रार नाही.'

"भाऊ, पण ती दिसते कशी?"

"म्हंजे?"

"डोळे, केस, काहीतरी."

"अवो, परक्या बाईकडं असं बघतात का?" त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

भातकापणी आली तरी नायकाच्या तोंडून 'तू मला आवडतेस' निघेना. दिवस मावळतीचा, नायिका विहिरीवर एकटी. नायक घसा खाकरतो आणि यंदा भात किती झालं ते विचारतो. मी तांबड्या पेन्सिलीने समासात लिहिलं, 'धीट व्हा.' भाऊंनी ते पान चटकन दुधीखाली सरकवलं.

"इतकी लाज वाटते तर लिहिता कशाला? रहस्यकथा लिहा," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाले, "हिची नजर गेली ना. हिला कादंबऱ्यांचा भारी नाद. आता मी वाचून दाखवतो. पन त्यात मधी मधी तसलं येतं. मी पान उलटतो. हिला बरोबर कळतं. म्हनते, इथं कायतरी गाळलंत. काय करू वैनी? माज्या तोंडातनं शब्दच निघत नाय. म्हटलं आपुनच लिवू, आपल्याला वाचता येईल असं."

मी पेन्सिल ठेवून दिली. मघाचे दोन शब्द खोडावेत, तर पान पिशवीत गेलेलं.

कादंबरी पुरी झाली तेव्हा वाचनाला त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांची बायको सुमनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विहिरीपर्यंत भाऊ खणखणीत वाचत आले. नायकाने घसा खाकरला. भाऊंनीही खाकरला आणि कागद मांडीवर ठेवला.

"थांबलात का? काय म्हनतो तो?" सुमनताईंनी विचारलं.

"वैनी बसल्यात."

"ताई," सुमनताई शांतपणे मला म्हणाल्या, "परसातनं जरा गवती चा तोडून आनता का?"

मी उठून परसात गेले. आतून एक वाक्य आलं, इतकं हळू की मला शब्द कळले नाहीत.

"ऐकू नाय आलं," सुमनताई म्हणाल्या. "परत वाचा."

मुलांनो, सुमनताईंचे कान इतके तिखट, की मी तोडलेली पाती त्यांना आतून मोजता आली असती. मी आणखी तोडत राहिले.