ठरावाने बंद झालेली गोळी

सरपंच अमरसिंह यांचा रक्तदाब वाढला, तेव्हा गेवराईच्या अलीकडच्या आमच्या गावाने तो गायरानासारखा सार्वजनिक करून टाकला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर स्वप्नाली यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. थोड्याच दिवसांत दाब उतरला. सरपंचांनी तातडीची बैठक बोलावली.

"बीपी नॉर्मल हाय. मंग गोळी कावून खायची?"

सरपंचांना उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. गोळ्या गरम पडतात, असा तांत्रिक मुद्दा म्हाताऱ्या हरिबांनी मांडला आणि गोळी बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. रक्तदाबाला त्याची प्रत पाठवायची तेवढी राहून गेली.

आता उरलेल्या गोळ्या वाया कशा घालवायच्या? सरपंचांच्या पत्नी विजयमालाताई सढळ हाताच्या. शेजारच्या छबुबाई गुडघ्याने बेजार होत्या, त्यांना ताईंनी एक पाकीट दिलं. "आमच्या ह्यांना लई गुण आला. तुमी बी घेऊन बघा." गोळी घेताच छबुबाईंना चक्कर आली आणि त्या दिवसभर आडव्या पडून राहिल्या. पडून राहिल्यावर गुडघा दुखेना. गुण आला! मग सुग्रीवने दाढेसाठी नेली, केशरबाईंनी सुनेच्या खोकल्यासाठी. अख्खी गल्ली भिंत धरून चालू लागली, पण तक्रार एकाचीही नव्हती. फुकट मिळालेल्या औषधाला नावं कोण ठेवणार?

इकडे सरपंचांचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. विजयमालाताई रडकुंडीला येऊन गोळीसाठी घरोघर धावल्या. एकही शिल्लक नव्हती. गाव मात्र माणुसकीला जागलं. ज्याला जी गोळी लागू पडली होती, ती घेऊन जो तो हजर झाला. कोणी पित्ताची, कोणी थायरॉइडची, कोणी जंताची. अजिनाथने तर बैलाचीच आणली. म्हणाला, "ही लई पावरफुल हाय."

सरपंचांनी सगळ्यांचाच मान राखला असता, पण तेवढ्यात डॉक्टर पोचल्या. यंत्रावरचा आकडा बघून त्या हादरल्या.

"अहो, आणखी उशीर झाला असता तर डोक्यातली शीर फुटली असती! गोळी का सोडलीत?"

"बरं वाटत व्हतं."

"ते गोळीमुळेच वाटत होतं. ती पोटात जाते तोवरच दाब आटोक्यात राहतो. तुमचा ठराव तिला लागू होत नाही, सरपंच."

सरपंच ओशाळले. हल्ली ते मुकाट्याने रोज गोळी घेतात, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत विजयमालाताई समोरून हलत नाहीत.

तुम्ही हसलात ना? हसा, गाव आहेच अडाणी. तुमचं तसं नाही. मागच्या तापात डॉक्टरांनी पूर्ण करायला सांगितलेला कोर्स तुम्ही ताप उतरताच स्वतःच्या अधिकारात थांबवलात, आणि उरलेल्या गोळ्या कोणाच्या तरी कामी येतील म्हणून घरात नीट जपून ठेवल्यात. आता तुमची शेजारीण आजारी पडायचाच काय तो अवकाश.