कोरडी माशी

"आज ट्राउट मासा मिळाला नाही, तर घरी यायचंच नाही असं ठरलंय का?" नाश्ता करताना ईनिडने नवऱ्याला विचारलं.

"आज नाही मिळाला तर क्लब संपला!" विल्फ्रेड पास्क ओरडला.

इंग्लंडातल्या हॅम्पशरमधल्या त्या गावात त्याने अडतीस वर्षं टपाल वाटलं, आणि नदीवरच्या मासेमारीच्या क्लबात शिरायला चौदा वर्षं ताटकळला. चौदा! तेवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतात. आता कुठे एका हंगामापुरतं आत घेतलं होतं. अट अशी, की नदीतच जन्मलेला एक ट्राउट सेक्रेटरीसमोर कोरड्या माशीवर धरायचा. गळाला लावायची पिसांची ती खोटी माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. बुडालेल्या माशीवर मासा धरणारा या मंडळींच्या लेखी चोराहून वाईट. आणि आज हंगामाचा शेवटचा दिवस.

सेक्रेटरी थ्रिप थर्मास घेऊन काठावर बसला. पास्कने पहिली माशी झुडपात अडकवली, दुसरी स्वतःच्या टोपीत, तिसरी गाईच्या शेपटीत. गाय गळाच्या दोरीसकट निघाली.

"तो मासा नाही, पास्क."

"दिसतंय हो मला, साहेब!"

गाईमागे धावताना माशी तरंगावी म्हणून तिला चोळायच्या तेलाची बाटली फुटली. माशीही आता एकच उरलेली. तेवढ्यात समोर एक जाडजूड ट्राउट वर येऊन किडे टिपू लागला. पास्कने सँडविचमधलं लोणी माशीला फासलं आणि दोरी फेकली. माशी अलगद पडली, डौलात तरंगत निघाली आणि ऐन माशाच्या तोंडाशी माशी शिंकली. शिंकली कसली, बुडालीच! आणि त्या मेल्याने नेमकी तेव्हाच ती गिळली.

मासा जाळ्यात आलेला पाहून थ्रिप धावला. "वा! मी नेमका चहा ओतत होतो, घास घेताना पाहिलं नाही. तुमच्या शब्दावर लिहितो. माशी वर होती ना?"

'हो' म्हणायला काय जात होतं? पण नाही. पास्कने मासा पाण्यात सोडला, हात पुसले.

"बुडाली होती, साहेब."

थ्रिपने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले. "शाबास! सव्वीस वर्षं मी हे विचारतोय. खरं सांगणारे तुम्ही पहिलेच." आणि त्याने क्लबाच्या वहीतून पास्कचं नाव खोडलं.

"पहिलाच?" पास्कने विचारलं. "मग बाकीचे?"

"बाकीचे ना?" थ्रिप म्हणाला, "ते सभासद आहेत."