अप्पांच्या बरणीतला काटा

बसवंतअप्पांकडे कुणी आलं की पाण्याच्या तांब्याआधी चिखलाची बरणी पुढे यायची. लोणच्याची मोठी काचेची बरणी, तळाशी धरणातला काळा चिखल, वर चार बोटं पाणी. जुन्या सेलमधली एक काळी कांडी चिखलात पुरलेली, दुसरी वर पाण्यात, आणि दोन्हींच्या तारा शाळेनं मोडीत काढलेल्या मीटरला. "काटा बघा. हाललाय का न्हाई?" पाहुण्यानं होकार दिला की मग चहा. टेबलाला धक्का लागला तर अप्पा आधी बरणीची विचारपूस करत, मग माणसाची.

अप्पा माजलगावातले निवृत्त विज्ञान शिक्षक, एकटेच राहायचे. माझं एसटीडी बूथ त्यांच्या दाराला लागून.

"आपुन भाकर खातो," ते मला शिकवत, "तिच्यातले इलेक्ट्रॉन शेवटी हवेतल्या ऑक्सिजनला देतो. चिखलात हवा कुठली? मग हे जिवाणू ते पेशीच्या भाईर काढून मातीतल्या लोखंडाला देतात. मी मधी कांडी ठेवली, तर कांडीला देतात. खाल्लेलं कुणाला तरी द्यावंच लागतंय!" हे शेवटचं वाक्य ते किराणा दुकानातही ऐकवत.

परळीच्या वीजकेंद्रात एवढा कोळसा जळायचा, तरी आमच्या गल्लीत संध्याकाळी वीज नसायची. एकदा मी विचारलं, "अप्पा, ह्या बरणीवर पंखा फिरंल का?"

"मुंगीला वारा घालायचा असंल तर बघू," अप्पा म्हणाले.

श्रावणात ते चार दिवस परळीला बहिणीकडे गेले. किल्ली माझ्याकडे. "पानी आटलं तर वरून हळूच घाला. बाकी हात लावू नका."

तिसऱ्या दिवशी बरणीतून सडक्या अंड्यासारखा वास आला. मला दया आली. एवढे जीव, आणि त्यांना वारा नाही! झारा घेतला आणि चिखल तळापासून ढवळून चांगला मोकळा केला. काटा शून्यावर जाऊन बसला.

अप्पा आले. मी कबूल केलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते खुर्चीत बसले. "हवा कावून दिली? आता ते कांडीला कशाला देतील?"

"उद्या धरणावरून दुसरा चिखल आणतो."

"आता न्हाई मिळायचा. पानी चढलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घराचा उंबरा उघडा पडतो. त्याच्यापुढचा हा चिखल. "आमची ही रोज अंगण सारवायची. शेणामातीचे थरावर थर. गाव उठायच्या आदल्या साली गेली ती."

मला लाज वाटली. भूतदया दाखवायला मला नेमकी तीच बरणी सापडली होती.

"बसू द्या चिखल खाली," अप्पा म्हणाले. "झाला तर व्हईल."

मी रोज सकाळी जाऊन बघायचो. न सांगताच चपला बाहेर काढायचो. काटा ढिम्म. अप्पांनी किराणा दुकानातलं ते वाक्यही सोडून दिलं.

नवव्या दिवशी बूथमध्ये गिऱ्हाईक बोलत असताना अप्पांनी काच वाजवली. गिऱ्हाइकाला तसंच सोडून मी गेलो. काटा शून्यापासून केसभर सरकला होता.

अप्पांनी खाली वाकून काटा पुन्हा एकदा बघितला.

"हिनं सारवलेलं त्यांना अजून पुरतंय," ते म्हणाले.

मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बसा, चहा ठेवतो. टेबलाला धक्का नका लावू."